भूतान वर, श्रीलंका तळाला: शिक्षणावरच्या सरकारी खर्चाची तुलना करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई शहाद्याच्या आहेत, अर्थशास्त्रात एम.ए. करतात. लघुप्रबंधासाठी त्यांनी दक्षिण आशियातल्या देशांचा शिक्षणावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या टक्केवारीत मांडला. भूतान सगळ्यात वर आला, भारत आणि नेपाळ मध्ये, तर पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका तळाला. दोन ठिकाणी त्या अडल्या. भारताचा आकडा आर्थिक पाहणी अहवालात २.९ टक्के दिसतो आणि जागतिक बँकेच्या तक्त्यात चारच्या वर. यातला खरा कोणता? आणि श्रीलंकेत जवळपास सगळी मुले शाळेत जातात, मग तो देश तळाला कसा? जाता जाता त्यांनी हेही विचारले आहे की यात नंदुरबार जिल्ह्याचे एक प्रकरण जोडता येईल का.

ताई, तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात शिक्षणाची देयके आणि हिशेब तपासण्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर एका अभ्यासगटासाठी शेजारी देशांचे अर्थसंकल्प वाचण्याचे काम करतो. खर्चाचा आकडा समोर आला की मी पहिल्यांदा विचारतो, हा कोणाच्या वहीतून आला? आणि टक्केवारी निघाली की विचारतो, ही किती मुलांत वाटली जाणार? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय देशांची क्रमवारी लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे शेतकरी कापूस क्विंटलने विकतो आणि जिनिंगवाला रुई खंडीने, म्हणजे सुमारे ३५६ किलोच्या मापाने. ते दोन भाव शेजारी ठेवून महाग कोण विकतो असे कोणी विचारत नाही, कारण मापही वेगळे आणि मालही वेगळा. शिक्षणखर्चाच्या तक्त्यात मात्र आपण नेमके तेच करत असतो.

कोणते माप घ्यायचे हे तुमच्या प्रबंधाचा प्रश्न काय आहे त्यावर ठरेल, आणि ते तुमच्या वतीने मी ठरवू शकत नाही. देश आपल्या ऐपतीच्या मानाने किती जोर लावतो हे पाहायचे असेल तर जीडीपीची टक्केवारी चालेल. सरकारच्या लेखी शिक्षणाला किती महत्त्व आहे हे पाहायचे असेल तर एकूण सरकारी खर्चातला वाटा पाहा. मुलाच्या वाट्याला काय येते हे पाहायचे असेल तर मुलामागचा खर्च काढावा लागेल. तिन्ही मापांनी क्रमवारी तीन प्रकारची येते. मला विचाराल तर तिसरे माप मुख्य ठेवा आणि पहिली दोन सोबतीला घ्या. शाळा मुलासाठी असते, जीडीपीसाठी नव्हे.

आता भारताचे दोन आकडे. दोन्ही खरे आहेत. आर्थिक पाहणी अहवालातला २.९ टक्के हा आकडा (२०२२-२३ च्या अर्थसंकल्पीय अंदाजाचा) केंद्र आणि राज्यांनी 'शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती' या शीर्षाखाली केलेल्या खर्चाचा आहे. शिक्षण मंत्रालय दरवर्षी अर्थसंकल्पातल्या शिक्षणखर्चाचे वेगळे विश्लेषण काढते. त्यात शिक्षण खात्यांच्या खर्चासोबत इतर खात्यांनी शिक्षण-प्रशिक्षणावर केलेला खर्चही मोजतात. ही बेरीज चार टक्क्यांच्या वर जाते, आणि युनेस्को व जागतिक बँकेच्या तक्त्यांतला भारताचा आकडा तिच्याशी जुळतो. दोहोंत जीडीपीच्या एक टक्क्याहून जास्त फरक पडतो, तो बव्हंशी 'इतर खात्यां'मुळे.

ही इतर खाती म्हणजे काय, हे नंदुरबारच्या माणसाला लवकर कळेल. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातली आश्रमशाळा घ्या. तिथले शिक्षक, मुलांचे जेवण, वसतिगृह, गणवेश या सगळ्यांचा खर्च आदिवासी विकास विभाग करतो. राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आणि अनुदानित त्याहून थोड्या जास्त आहेत. शालेय शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प कितीही बारकाईने वाचला तरी त्या सापडणार नाहीत. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर सर्वसाधारण शिक्षण हे २२०२ या मुख्य लेखाशीर्षाखाली (लेखाशीर्ष म्हणजे हिशेबातला खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक), तंत्रशिक्षण २२०३, क्रीडा २२०४ आणि कला-संस्कृती २२०५ खाली पडते. बांधकामासारखा भांडवली खर्च ४२०२ खाली जातो. आदिवासी आणि मागासवर्गीयांच्या कल्याणाचा खर्च मात्र २२२५ खाली असतो, आणि आश्रमशाळा पाहायच्या तर तिकडे जावे लागते. धुळे आणि जळगावची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आरोग्याच्या बाजूने मोजली जातात, कृषी विद्यापीठे शेतीच्या बाजूने, अंगणवाड्या महिला व बालविकासाकडे. निवृत्त शिक्षकांचे निवृत्तिवेतन २०७१ या निवृत्तिवेतनाच्या शीर्षाखाली असते. ते शिक्षणाच्या खर्चात धरायचे की नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही. मी धरत नाही, कारण ते आजच्या वर्गात बसलेल्या मुलापर्यंत पोचत नाही. पण एका देशाचे धरले तर सगळ्यांचे धरा.

दुसरी गोष्ट सरकारच्या पातळीची. वर्तमानपत्रात दर फेब्रुवारीत मथळा येतो की शिक्षणाला इतके लाख कोटी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाला सुमारे १.२८ लाख कोटी रुपये होते, आणि त्याच अर्थसंकल्पात जीडीपीचा अंदाज सुमारे ३५७ लाख कोटी धरला होता. भागाकार केला तर ०.३६ टक्के येतात. हा आकडा घेऊन 'भूतान इतका खर्च करतो आणि भारत अर्धा टक्कासुद्धा नाही' असे लिहिलेले मी पाहिले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, आले, तरी शिक्षकांच्या पगाराचा मुख्य भार राज्यांवरच राहिला. केंद्राचा वाटा साधारण पाव. भूतानमध्ये राज्य सरकारे नाहीतच, त्यामुळे तिथला जवळपास सगळा खर्च एकाच अर्थसंकल्पात दिसतो. भारताची फक्त दिल्ली आणि भूतानचा आख्खा देश अशी ती तुलना होते.

राज्ये मिळवताना उलटी चूकही होते. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देते (ईशान्येकडची राज्ये आणि काही डोंगरी राज्यांत ९० आणि १०). केंद्राचे ६० रुपये दिल्लीच्या अर्थसंकल्पात दिसतात, आणि तेच राज्यात आल्यावर राज्याच्या खर्चातही दिसतात. सरळ बेरीज केली की एकच रुपया दोनदा मोजला जातो. केंद्राकडून राज्यांना गेलेली अनुदाने एका बाजूने वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेजारी देशांत हीच गुंतागुंत वेगळ्या रूपांत भेटते. पाकिस्तानात २०१० च्या १८ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण प्रांतांकडे गेले. इस्लामाबादचा अर्थसंकल्प वाचून तिथला शिक्षणखर्च कळत नाही. पंजाब, सिंध, खैबर पख्तुनख्वा आणि बलुचिस्तान या चारही प्रांतांचे कागद लागतात. नेपाळने २०१५ च्या संविधानानंतर माध्यमिकपर्यंतचे शिक्षण ७५३ स्थानिक सरकारांकडे दिले, पण पैसा बव्हंशी काठमांडूहून सशर्त अनुदानाच्या रूपाने जातो. म्हणजे वर सांगितलेला दुहेरी मोजणीचा धोका तिथे सगळ्यात जास्त. श्रीलंकेत १९८७ च्या १३ व्या दुरुस्तीनंतर बहुसंख्य शाळा प्रांतिक परिषदांकडे आणि थोड्या 'राष्ट्रीय शाळा' केंद्राकडे आहेत.

बांगलादेशात सरकार एकच, पण खाती दोन: प्राथमिक व जनशिक्षण मंत्रालय वेगळे आणि शिक्षण मंत्रालय वेगळे. शिवाय ढाक्याच्या अर्थसंकल्पात 'शिक्षण आणि तंत्रज्ञान' असे एकत्र क्षेत्र दाखवतात. त्यात विज्ञान-तंत्रज्ञान आणि माहिती तंत्रज्ञानाचा पैसाही मिसळलेला असतो. तो घेतला तर खर्च फुगतो, आणि एकच मंत्रालय घेतले तर निम्मा गळतो.

बांगलादेशाबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला तो देश सगळ्यात ओळखीचा वाटेल. तिथल्या माध्यमिक शाळा बहुतांश खासगी व्यवस्थापनाच्या आहेत, पण पात्र शाळांतल्या शिक्षकांचा मूळ पगार सरकार 'मंथली पे ऑर्डर' या व्यवस्थेतून देते. आपल्या अनुदानित शाळांसारखेच झाले हे: संस्था खासगी, पगार शासनाचा. जळगाव-धुळ्यातली माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. मंडळ संस्थाचालकांचे, पण शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीमार्फत पगार सरकारी तिजोरीतून. म्हणून 'सरकारी खर्च' आणि 'सरकारी शाळांवरचा खर्च' या दोन गोष्टी एक समजू नका. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांच्या शुल्काची सरकारकडून प्रतिपूर्ती होते, तीही सरकारी खर्चात येते. भाजक म्हणून फक्त जिल्हा परिषदेच्या शाळांतली मुले घेतली आणि भाज्य म्हणून सगळा सरकारी खर्च घेतला, तर मुलामागचा आकडा भलताच मोठा दिसेल. अशा आकड्यावरून 'सरकारी शाळा इतक्या महाग, त्यापेक्षा पालकांच्या हाती पैसे द्या' असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. त्या निष्कर्षाने एखाद्या पाड्यावरची शाळा बंद होऊ शकते, म्हणून या भागाकाराबद्दल मी इतका आग्रही आहे.

परदेशी मदतीचेही ध्यानात ठेवा. युनेस्कोच्या व्याख्येत आंतरराष्ट्रीय स्रोतांकडून सरकारला मिळालेल्या पैशातून केलेला शिक्षणखर्चही सरकारी खर्चातच धरतात. भूतानच्या पंचवार्षिक योजनांत भारताच्या मदतीचा मोठा भाग असतो, नेपाळलाही मदत मिळते. मुलाला शाळा मिळाली हे महत्त्वाचेच आहे. पण 'देश आपल्या ऐपतीतून किती जोर लावतो' असे विचारत असाल तर मदतीचा पैसा हा त्या जोराचा भाग नाही, एवढी तळटीप हवी.

आता कोणत्या टप्प्यावरचा आकडा घ्यायचा ते. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे एकाच वर्षाचे असतात आणि तिन्ही वेगळे. मांडलेल्या अंदाजाला टाळ्या मिळतात, वर्षाच्या शेवटी झालेला खर्च कोणी वाचत नाही. आपल्याकडचा 'मार्च एंड' तुम्हाला माहीत आहे. नेपाळमध्ये आषाढात वर्ष संपते आणि शेवटच्या आठवड्यांतल्या घाईच्या कामांना तिथले लोक 'असारे विकास' म्हणतात. बांधकाम आणि साहित्याचा पैसा अशा वेळी खर्ची पडतो किंवा परत जातो. पगाराचा मात्र जवळजवळ पूर्ण खर्च होतो. म्हणून ज्या देशात भांडवली तरतूद जास्त, तिथे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली दरी मोठी. तुमच्या तक्त्यात प्रत्यक्ष खर्चच घ्या, मग तो दोन-तीन वर्षे जुना असला तरी चालेल. आणि वर्ष जुळवा: भारताचे एप्रिल ते मार्च, पाकिस्तान, बांगलादेश आणि भूतानचे जुलै ते जून, नेपाळचे श्रावण ते आषाढ, श्रीलंका आणि मालदीवचे जानेवारी ते डिसेंबर.

भाजकाकडे येऊ. टक्केवारी खालच्या बाजूनेही बदलते, आणि तिथे शिक्षणात काहीच घडलेले नसते. बांगलादेशाने २०२१ मध्ये जीडीपीचे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून जीडीपी मोजतात ते) बदलून २०१५-१६ केले, पाकिस्तानने जानेवारी २०२२ मध्ये तसेच केले. दोन्हीकडे अर्थव्यवस्था आधी मोजली होती त्यापेक्षा मोठी ठरली. शिक्षणखर्चाची टक्केवारी एका रात्रीत खाली आली, एकाही शिक्षकाचा पगार न कापता. जुना आणि नवा आकडा एकाच आलेखात जोडलात तर नसलेली कपात दिसेल. याउलट कोविडचे वर्ष पाहा. २०२०-२१ मध्ये भारताची टक्केवारी ४.६ च्या वर गेली आणि पुढच्या वर्षी ४.१ वर आली. ज्या वर्षी शाळांना कुलुपे होती त्याच वर्षी आकडा वर! कारण जीडीपी आकसला आणि पगार चालू राहिले. ते एक वर्ष निवडून कोणी भारताची पाठ थोपटेल, कोणी पुढचे वर्ष निवडून घसरण दाखवेल. किमान पाच वर्षांची सरासरी घ्या म्हणजे अशा वर्षाचा परिणाम कमी होईल.

सहा टक्क्यांचे उद्दिष्टही याच संदर्भात वाचा. कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत जाण्याची शिफारस केली. १९६८, १९८६ आणि २०२० च्या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी तो आकडा पुन्हा म्हटला, आणि आपण अजून तिथे पोचलेलो नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचेऑनला झालेल्या जागतिक शिक्षण परिषदेच्या जाहीरनाम्यानंतर ठरलेल्या कृती आराखड्यात जीडीपीच्या ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के असा पट्टा आहे. या उद्दिष्टांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण उद्दिष्ट स्वतःच्या देशाला लावायचे असते. दोन देशांतला फरक समजून घ्यायला ते अपुरे पडते. सरकारी खर्चातल्या वाट्यालाही अशीच मर्यादा आहे. श्रीलंकेत २०२२ च्या संकटाच्या सुमारास महसुलाचा निम्म्याहून मोठा भाग व्याजात जात होता. व्याजाने अर्थसंकल्प फुगला की शिक्षणाचा वाटा आपोआप बारीक दिसतो.

मग श्रीलंका तळाला का? आता मुले मोजू. समजा दोन देश जीडीपीच्या दोन-दोन टक्केच खर्च करतात. एका देशात शंभर माणसांत शाळेच्या वयाची २० मुले आहेत, दुसऱ्यात ३०. पहिल्या देशात प्रत्येक मुलामागे दरडोई उत्पन्नाच्या १० टक्के इतका खर्च पडतो, दुसऱ्यात ६.७ टक्के. आता यात पहिल्या देशाचे दरडोई उत्पन्न दुसऱ्याच्या दुप्पट आहे असे धरा, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू-सेवांच्या हिशेबात पहिल्या मुलाला तिप्पट मिळाले. टक्केवारीच्या तक्त्यात दोघे एका ओळीत! श्रीलंका आणि पाकिस्तान यांच्यातला फरक ढोबळमानाने याच जातीचा आहे. पाकिस्तानात पंधरा वर्षांखालची मुले लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त आहेत, श्रीलंकेत पाव भागाहूनही कमी. श्रीलंकेत जन्मदर फार आधी खाली आला. मोफत शिक्षणाची व्यवस्था तेव्हाचे शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या पुढाकाराने १९४५ मध्येच सुरू झाली. शाळांचे जाळे जुने आहे, नव्या इमारती आणि नवी भरती यांवर तिथे तरुण लोकसंख्येच्या देशाइतका खर्च करावा लागत नाही.

इथे आणखी एक खाच आहे आणि बहुतेक तक्ते तिथेच फसतात. मुलामागे म्हणताना पटावरचे मूल घ्यायचे की त्या वयाचे प्रत्येक मूल? पाकिस्तानात दोन कोटींहून जास्त मुले शाळेबाहेर आहेत. पटावरच्या मुलांनीच भागले तर शाळेबाहेरची मुले हिशेबातून गायब होतात आणि मुलामागचा खर्च चांगला दिसतो. जितकी मुले वगळाल तितके तुमचे गणित देखणे! हे मला मान्य नाही. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना माध्यमिक शाळा बंद आहे. तिथे पटाने भागणे म्हणजे त्या बंदीचे बक्षीस देणे होईल. दोन्ही स्तंभ ठेवा, पण क्रम वयोगटाच्या आकड्याने लावा.

तरीही श्रीलंकेला निर्दोष ठरवू नका. मुले कमी असणे हे एक कारण, आणि तिजोरी रिकामी असणे हे दुसरे. तिथला सरकारी महसूल कित्येक वर्षे जीडीपीच्या मानाने जगातल्या सगळ्यात कमी महसुलांपैकी होता, आणि जमाच नसेल तर खर्च कुठून होणार. शाळा मोफत असली तरी परीक्षेच्या वर्गांतली मुले खासगी शिकवण्यांवर अवलंबून आहेत, तो खर्च घरातून जातो. सरकारी खर्चाच्या तक्त्यात घरचा पैसा कधीच दिसत नाही. युनेस्कोच्या २०२२ च्या दक्षिण आशियावरच्या अहवालानुसार बांगलादेशात शिक्षणाच्या एकूण खर्चापैकी ७१ टक्के कुटुंबे उचलतात. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ च्या पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागे कुटुंबाचा वार्षिक खर्च सरासरी २,८६३ रुपये आणि बिगरसरकारी शाळेत २५,००२ रुपये आला. सुमारे २७ टक्के मुले शिकवणी लावतात. सरकारने हात आखडता घेतला की भार कुठे जातो, ते या आकड्यांत दिसते. तुमच्या प्रबंधात कुटुंबखर्चाचा स्तंभ नसेल तर कमी सरकारी खर्चाचे देश काटकसरी भासतील. प्रत्यक्षात तिथे आईबाप पैसे मोजत असतात.

चलनाबद्दल थोडक्यात. डॉलरच्या विनिमय दराने रूपांतर करू नका. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया डॉलरला २०० वरून ३६० च्या पुढे गेला. डॉलरमध्ये शिक्षणखर्च जवळपास निम्म्यावर आला, पण शिक्षकाच्या हातात पडणारे रुपये निम्मे झाले नव्हते. महागाईने त्याचे नुकसान झालेच, मात्र ते वेगळे मोजायचे. क्रयशक्ती समानतेचे दर, म्हणजे त्या पैशात त्या देशात प्रत्यक्ष किती विकत मिळते त्यावरून काढलेले दर, जागतिक बँकेच्या तक्त्यांत मिळतात, ते वापरा.

शिक्षणखर्चाचा मोठा भाग पगाराचा असल्यामुळे शेवटी शिक्षक किती आणि त्यांना किती, यावर बरेच अवलंबून राहते. महाराष्ट्राने २०१९ मध्ये सातवा वेतन आयोग लागू केला, तेव्हा एकही नवा शिक्षक न येता खर्च वाढला. दुसऱ्या बाजूला प्राथमिकचा शिक्षणसेवक पहिली तीन वर्षे मानधनावर असतो. ते २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झाले. एकाच शाळेत शेजारच्या दोन वर्गांवरचे शिक्षक इतक्या वेगळ्या वेतनावर असतील तर 'मुलामागचा खर्च' या सरासरीला मर्यादा येतात. शक्य झाले तर प्रत्येक देशासाठी शिक्षकामागे मुले किती हा आकडा सोबत द्या. पैसा पगारवाढीत गेला की शिक्षकांच्या संख्येत, हे त्यातून कळते.

आणि भूगोल. मालदीवची वस्ती १८० हून जास्त बेटांवर पसरली आहे. मोजक्या मुलांसाठीही बेटावर शाळा आणि शिक्षक लागतातच. भूतानात डोंगरामुळे निवासी शाळा, म्हणजे शिक्षणाच्या खर्चात जेवण आणि निवाराही आला. त्यांचा खर्च जास्त दिसतो, कारण तिथे मुलापर्यंत पोचणेच महाग आहे. सातपुड्यात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावातल्या मुलामागे होणारा खर्च नंदुरबार शहरातल्या मुलाच्या खर्चाशी तोलून 'उधळपट्टी' म्हणणे जितके चुकीचे, तितकेच भूतानचा आकडा पाहून 'आदर्श' म्हणणेही. मालदीव आणि भूतान यांना तक्त्यात ठेवा, पण भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांच्या रांगेत उभे करू नका. अफगाणिस्तानला स्वतंत्र टीप द्या.

आतापर्यंतचे कामापुरते गोळा करतो. भारताचा चारच्या वरचा आकडा घ्या, कारण इतर देशांचे युनेस्कोचे आकडेही सगळ्या खात्यांचा खर्च धरून काढण्याच्या पद्धतीचे आहेत, २.९ हा देशांतर्गत वर्षावर्षांच्या तुलनेसाठी ठेवा. प्रत्यक्ष खर्च, पाच वर्षांची सरासरी, सगळ्या पातळ्यांची सरकारे, अनुदाने एकदाच मोजलेली. मग शाळेच्या वयाच्या प्रत्येक मुलामागे क्रयशक्तीने काढलेला खर्च, आणि शेजारी कुटुंबांचा वाटा. हे केलेत तर श्रीलंका तळातून वर सरकलेली दिसेल आणि पाकिस्तान-बांगलादेशातली खरी अडचण ठळक होईल.

नंदुरबारचे प्रकरण जरूर जोडा, पण एक पथ्य पाळा. जिल्हा उत्पन्नाच्या टक्केवारीत शिक्षणखर्च मांडू नका. शिक्षकाची वेतनश्रेणी राज्यभर एकच आणि जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्यात तळाच्या जिल्ह्यांतले, त्यामुळे नंदुरबार टक्केवारीत फार वर दिसेल. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६४ टक्के साक्षरतेसह राज्यात शेवटी असलेला जिल्हा 'शिक्षणावर सर्वाधिक खर्च करणारा' ठरला तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. भूतानच्या बाबतीत जे घडते तेच इथे घडेल.

त्याऐवजी तीन वह्या एकत्र करा. पहिली जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण विभागांची, पगार व समग्र शिक्षा वेगवेगळे मागून. दुसरी आदिवासी विकासाच्या नंदुरबार आणि तळोदा या दोन्ही प्रकल्प कार्यालयांची. शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा, वसतिगृहे असे तुकडे करून मागा, म्हणजे राहण्या-जेवणाचा खर्च शिकवण्याच्या खर्चापासून वेगळा दाखवता येईल. तिसरी नगरपालिकांची, ती लहान असते. मुलांची संख्या यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचातून घ्या, तिथे शाळा व्यवस्थापनानुसार वेगळ्या केलेल्या असतात आणि आदिवासी विकासाच्या शाळाही येतात. शाळाबाहेरची मुले आणि ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्या कुटुंबांची मुले त्यात नीट येत नाहीत, म्हणून वयोगटाची लोकसंख्या जनगणनेवरून वेगळी काढा. मागणी लेखी द्या, लेखाशीर्ष क्रमांकासह द्या, आणि मार्चमध्ये जाऊ नका. लेखा शाखेतल्या माणसाला त्या महिन्यात मान वर करायला वेळ नसतो. मेच्या मध्यानंतर गेलात तर मागच्या वर्षाचा हिशेब जुळलेला असतो आणि समोरचा माणूस बसून समजावून सांगतो.